शिळा, खांब आणि संगम : सोनईहून एका दिवसाची मंदिरयात्रा

१/ नेवासे तालुक्यातील सोनई हे गाव बहुतेकांना दोनच कारणांनी ठाऊक असते : साखर कारखाना आणि शनिशिंगणापूरची वाट. मात्र याच सोनईहून सकाळी मोटारसायकलने निघाले, तर शंभरेक किलोमीटरच्या फेरीत यादवकाळापासून जायकवाडी धरणापर्यंतचा इतिहास पाहून दिवेलागणीपर्यंत परत येता येते. शिंगणापूर, नेवासे, टोके आणि प्रवरासंगम या स्थळांचा हा थ्रेड.

२/ जुन्या देवळासमोर उभे राहिलेला प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो : ‘हे किती जुने?’ वस्तुतः हे तीन प्रश्न आहेत. समोरचा दगड किती जुना? तेथील देव किती जुना? आणि त्या जागेविषयी लोकांच्या मनात असलेली आठवण किती जुनी? या तिन्हींची उत्तरे क्वचितच एक असतात. या वाटेवर ती फारच स्पष्टपणे वेगळी होतात.

३/ पहिला मुक्काम शनिशिंगणापूर. सोनईपासून जेमतेम पाच-सहा किलोमीटर. येथे प्राचीन मंदिर शोधणाऱ्याची निराशा होते, कारण देवाला मंदिरच नाही. उघड्या चौथऱ्यावर साडेपाच फुटांच्या आसपास उंचीची एक काळी शिळा उभी आहे. तिला डोळे नाहीत, हात नाहीत, डोक्यावर छप्पर नाही. ऊन, पाऊस आणि भक्तांचे तेल एवढेच तिच्या वाट्याला येते.

४/ आख्यायिका अशी की, पानसनाल्याच्या पुरात ही शिळा वाहत आली. गुराख्यांनी काठीने टोचताच तिच्यातून रक्त आले. रात्री गावातील एकाला स्वप्नात दृष्टांत झाला; आपल्याला छप्पर नको, असे देवाने सांगितले. दगडातून रक्त येणे, स्वप्नात देवाने जागा सांगणे ही खूण महाराष्ट्रातील कितीतरी ग्रामदैवतांच्या कथांत आढळते. इतिहासाच्या दृष्टीने ती तारीख सांगत नाही. पण देव शास्त्रीबुवांच्या पोथीतून आलेला नसून गुराख्यांच्या रानातून आलेला आहे, ही गावाची धारणा मात्र ती नेमकी सांगते.

५/ म्हणून येथे ‘बांधकाम कोणत्या शतकातले?’ हा प्रश्न गैरलागू ठरतो. शिळेला घडवलेले रूप नसल्यामुळे शैलीवरून तिचा काळ काढता येत नाही. देशभर पसरलेली कीर्ती तर विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. घरांना दारे न लावण्याची गावाची प्रथा तेव्हाच सर्वदूर पोहोचली. २०११ मध्ये युको बँकेने येथे कुलूप नसलेली शाखा उघडली, त्याची तर वृत्तपत्रांनी विशेष नोंद घेतली होती.

६/ अलीकडच्या इतिहासातही या चौथऱ्याला जागा आहे. २०१५ च्या नोव्हेंबरात एका स्त्रीने चौथऱ्यावर चढून दर्शन घेतले आणि वाद पेटला. पुढे आंदोलने झाली, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणारा १९५६ चा राज्याचा कायदा त्या निमित्ताने पुन्हा चर्चेत आला. अखेर ८ एप्रिल २०१६ रोजी, गुढीपाडव्याला, चौथरा स्त्रियांसाठी खुला झाला. शिळा किती जुनी हे कोणाला ठाऊक नसले, तरी तिच्याभोवतीचा एक नियम कोणत्या दिवशी संपला, हे तारखेनिशी सांगता येते.

७/ शिंगणापूरहून घोडेगावला आले की अहिल्यानगर–छत्रपती संभाजीनगर महामार्ग लागतो. उसाच्या गाड्यांपासून जपून ईशान्येकडे जावे. नेवासे फाट्यावर वळल्यावर थोड्याच अंतरावर प्रवरेकाठी नेवासे शहर आहे. दिवसाचा सर्वांत मोठा वेळ येथे द्यावा, कारण या गावाचा इतिहास देवळांच्याही फार आधी सुरू होतो.

८/ १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने हसमुख धीरजलाल सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली नेवाशातील ‘लाडमोड’ या पांढरीच्या टेकाडावर उत्खनन केले. अश्मयुगीन हत्यारे, ताम्रपाषाणयुगीन वस्ती, सातवाहनकाळ, रोमशी चाललेल्या व्यापाराच्या खुणा आणि मुसलमानी-मराठा काळापर्यंतचे थर या परिसरात हाती आले. मध्य पुराश्मयुगातील एका हत्यार-परंपरेला पुरातत्त्वज्ञ ‘नेवासियन’ म्हणू लागले, ते याच गावावरून.

९/ ताम्रपाषाणयुगातील माणसे, म्हणजे आजपासून सुमारे तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची, मृत बालकांना मातीच्या कुंभांत ठेवून घराच्याच जमिनीखाली पुरत असत. दोन कुंभांची तोंडे एकमेकांना जोडलेली अशी ही दफने नेवाशात मोठ्या संख्येने मिळाली. देवळे, मूर्ती, शिलालेख यांतले काहीही नसताना, गेलेल्या लेकराला उंबऱ्याच्या आत ठेवण्याची ही रीत होती. ‘पवित्र जागा’ हा शब्द वापरताना हे थर विसरू नयेत.

१०/ आता खांब. शहराच्या पश्चिमेला ज्ञानेश्वर मंदिर आहे. मंदिराची वास्तू विसाव्या शतकातली, मोठी आणि प्रशस्त. पण तिच्या गाभाऱ्यात मूर्तीच्या जागी आहे तो एक दगडी खांब : पैस. याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरचे निरूपण सांगितले आणि सच्चिदानंदबाबांनी ते लिहून घेतले, अशी वारकरी परंपरेची श्रद्धा आहे.

११/ ‘भावार्थदीपिका’ अर्थात ‘ज्ञानेश्वरी’ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये पूर्ण झाली. हे वर्ष, सच्चिदानंदबाबांचे लेखकपण, यादव राजा रामचंद्राचे राज्य आणि महालया क्षेत्र यांचा निर्देश ग्रंथाच्या समारोपात येतो. परंपरेने मानलेले जन्मवर्ष १२७५ धरले, तर त्या वेळी ज्ञानेश्वरांचे वय पंधरा वर्षांचे होते. येथे आठवणीला ग्रंथाचा आधार आहे, ही मोठी गोष्ट. दगडाची साक्ष मात्र निराळीच आहे.

१२/ पैस खांबावर संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात ज्ञानेश्वरांचे नाव नाही, गीतेचे नाही, विठ्ठलाचेही नाही. लेख करवीरेश्वर नावाच्या शिवाला नमन करतो. आशय थोडक्यात असा : पूर्वी आजोबांनी देवाच्या दिव्याच्या तेलासाठी जे मासिक दान लावून दिले होते, ते या कुळातील पुढच्या पुरुषांनी चंद्रसूर्य असेतोवर चालवावे.

१३/ म्हणजे हा खांब मुळात करवीरेश्वराच्या देवळाचा. आज ते देऊळ नाही. कुळाचा मागमूस नाही. दिवा केव्हाच विझला. मध्ययुगीन दानलेखांत ‘चंद्रसूर्य असेतोवर’ हे शब्द नेहमीचेच असतात. कित्येक लेखांवर चंद्रसूर्य कोरलेलेही दिसतात, दान मोडणाऱ्याला शिव्याशाप असतात. तरीही दाने मोडतात, देवळे कोसळतात आणि त्यांचे दगड विहिरींना, पायऱ्यांना, गोठ्यांच्या भिंतींना लागतात.

१४/ करवीरेश्वराच्या इतर खांबांना तो आसरा लाभला नाही. हा एकच खांब सन्मानाने उभा राहिला, कारण एका पंधरा वर्षांच्या मुलाने त्याला पाठ टेकली होती, असे लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. ज्या वंशाला विनवणी केली होती त्याने दान जपले नाही; ज्यांना लेख वाचताही येत नव्हता अशा वारकऱ्यांनी दगड जपला. दान देणाऱ्याचा हेतू शिवाच्या दिव्याचा होता, राखणाऱ्यांची श्रद्धा माउलींवर होती. दोन वेगळ्या भक्तींच्या जोडावर हा पुरावा आपल्यापर्यंत पोहोचला आहे.

१५/ काळाचे भानही येथे ठेवावे. नेवाशाच्या उत्तरेला देवगिरी, म्हणजे यादवांची राजधानी. आजच्या रस्त्याने दीड-दोन तासांचे अंतर. ज्ञानेश्वरी पूर्ण झाल्यानंतर अवघ्या सहा वर्षांनी, १२९६ मध्ये, अलाउद्दीन खलजीने देवगिरीवर अचानक चाल केली. त्याच वर्षी ज्ञानेश्वरांनी आळंदीत समाधी घेतली. ज्या राजाच्या न्यायी राज्याचा गौरव ग्रंथात आहे, त्याचे वैभव इतक्या लवकर ओसरेल, याची कल्पना या खांबापाशी बसलेल्या श्रोत्यांना असणे शक्य नव्हते.

१६/ नेवाशातले दुसरे स्थान मोहिनीराज. समुद्रमंथनानंतर अमृत वाटण्यासाठी विष्णूने मोहिनीचे रूप घेतले, त्या रूपाचे हे मंदिर. दैवत दुर्मीळ आहे. पंक्तीत शिरून अमृत प्यायलेल्या राहूचे मस्तक विष्णूने उडवले. त्याचे शिर पडले ती राहुरी आणि काया पडली ते कायगाव, अशी लोकव्युत्पत्ती या भागात सांगतात. भाषाशास्त्राला ती मान्य होईल असे नाही. पण नकाशा समोर धरला तर पश्चिमेला राहुरी, मध्ये नेवासे आणि गोदावरीपलीकडे कायगाव : एका पुराणकथेने सबंध खोरे बांधून टाकले आहे.

१७/ खंडोबाची म्हाळसा ही मोहिनीचाच अवतार मानली जाते आणि तिचे माहेर नेवासे, असे खंडोबाचे भक्त सांगतात. एकाच गावात शैव करवीरेश्वर, वैष्णव मोहिनीराज, धनगर-मराठ्यांच्या कुलदैवताची म्हाळसा आणि वारकऱ्यांचे माउली अशा परंपरा एकमेकींना खेटून नांदतात. ‘हे देऊळ कोणत्या पंथाचे?’ या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देण्याची घाई नेवाशात करू नये.

१८/ मोहिनीराजाची आजची दगडी वास्तू मात्र प्राचीन नाही. ती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी बांधली. निमगावच्या चंद्रचूड घराण्यातील हे गृहस्थ होळकरांचे दिवाण; कागदपत्रांत ‘गंगोबा तात्या’ म्हणून भेटतात. येथे या जिल्ह्याच्या आजच्या नावाशी एक विलक्षण गाठ पडते.

१९/ १७६६ मध्ये मल्हारराव होळकर वारले. पुढच्याच वर्षी त्यांचे नातू मालेराव गेले. होळकरांची दौलत आता कोणाच्या हाती, हा पेच पडला. त्या वेळी गंगोबा तात्यांनी राघोबादादांना माळव्यात बोलावले, असे इतिहास सांगतो. अहिल्याबाई ठाम राहिल्या, तुकोजी होळकरांची साथ मिळाली आणि माधवराव पेशव्यांनी त्यांचाच पक्ष घेतला. राघोबांच्या राजकारणात गुंतलेल्या गंगोबा तात्यांना पुढे कैद आणि दंड भोगावा लागला.

२०/ अहिल्याबाईंचा जन्म १७२५ चा, याच जिल्ह्यातील चौंडीचा. २०२४ मध्ये अहमदनगरचे ‘अहिल्यानगर’ झाले ते त्यांच्याच नावाने. देशभर घाट आणि देवळे बांधणाऱ्या अहिल्याबाई आणि नेवाशाचे देखणे मंदिर उभारणारा त्यांचा विरोधक दिवाण, दोघेही एकाच दौलतीतले. मंदिर बांधणे ही भक्ती होती, तशीच ती प्रतिष्ठाही होती. बांधणाऱ्याचे राजकारण ठाऊक झाल्याने देवाचे महत्त्व उणे होत नाही. वास्तू मात्र अधिक नीट कळते.

२१/ येथेच एक गैरसमज दूर करावा. काळ्या दगडाचे प्रत्येक देऊळ ‘हेमाडपंती’ नसते. हेमाद्री हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. त्याच्या नावाने ओळखली जाणारी बांधणी त्याच्याही आधीपासून प्रचलित होती. चुन्याविना एकमेकांत बसवलेले दगड, पायापासून शिखरापर्यंत चढत जाणारे कोन ही त्या काळाची लक्षणे. अकोले तालुक्यातील रतनवाडीचा अमृतेश्वर किंवा टाहाकारीचे देवीमंदिर हे या जिल्ह्यातले त्या प्राचीन बांधणीचे नमुने. पण सोनईहून एका दिवसाच्या फेरीत ते बसत नाहीत.

२२/ याउलट महिरपी कमानी, केळफुलासारखी नक्षी, चुन्यात बांधलेली शिखरे, भोवती तटासारखी भिंत आणि नदीकडे उतरणारा घाट दिसला, की मराठेशाहीचा काळ ओळखावा. ही लक्षणे ध्यानात ठेवून महामार्गावर परत यावे आणि संगमाकडे निघावे. वाटेत उजवी-डावीकडे देवगडचे दत्तमंदिर विचारत जाता येईल. किसनगिरी महाराजांच्या प्रेरणेने विसाव्या शतकात वाढलेले हे स्थान. तेथील स्वच्छता आणि शिस्त पाहण्यासारखी आहे. पण दुपार कलण्याआधी टोके गाठलेले बरे.

२३/ प्रवरा गोदावरीला मिळते त्या ठिकाणी टोके आणि प्रवरासंगम ही दोन गावे, गोदावरीपलीकडे कायगाव. टोक्याचे सिद्धेश्वर मंदिर पेशवाईच्या घडणीचे आहे. मुख्य मंदिर शिवाचे, जोडीला विष्णू आणि देवी यांची लहान मंदिरे, भोवती तट, खाली घाट. भिंतींवर पौराणिक प्रसंगांची शिल्पे आहेत. ती सावकाश, डोळे शिल्पांवर ठेवून पाहावीत. मोबाइलचा पडदा नंतर.

२४/ हा संगम केवळ स्नानसंध्येचा नव्हता. अठराव्या शतकात तो सरहद्दीवर होता : एका बाजूस पेशवे, दुसऱ्या बाजूस निजाम. कायगावच्या दीक्षित-पाटणकर घराण्यातील नारायण दीक्षित याच शतकात काशीला जाऊन राहिले आणि काशीतल्या मराठी वसाहतीचे एक आधारस्तंभ झाले. गोदाकाठच्या एका खेड्याचा धागा असा थेट गंगेच्या घाटापर्यंत जातो.

२५/ १४ जानेवारी १७६१, पानिपत. जून महिन्यात नानासाहेब पेशवे वारले. सोळा वर्षांचे माधवराव गादीवर आले. मराठे दुबळे झाल्याचे पाहून निजामअलीने त्याच वर्षी पुण्याच्या रोखाने कूच केले. वाटेत त्याच्या फौजेने टोके आणि प्रवरासंगम जाळले, देवळे उद्ध्वस्त केली.

२६/ त्याचा परिणाम निजामअलीच्याच छावणीत झाला. त्याच्या फौजेत रामचंद्र जाधवांसारखे मराठे सरदार होते. देवळांच्या विध्वंसाने ते दुखावले आणि मराठ्यांना येऊन मिळाले. त्यांच्याबरोबर मीर मोगल हाही आला, आणि तो तर निजामअलीचा सख्खा नातलग, भाऊ. या दोन नावांवरून कळते की, अठराव्या शतकातील फौजा धर्मानुसार सरळ दोन भागांत विभागलेल्या नव्हत्या. आणि देवळावरचा घाव हा तरीही राजकारण फिरवण्याइतका मोठा घाव होता. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

२७/ तराजू सरळ धरायचा तर दुसरे पारडेही पाहावे. १७९१ मध्ये टिपूवरील स्वारीत मराठी फौजेतील लुटारूंनी शृंगेरीच्या शारदापीठाची लूट केली, आणि मठाच्या पुनर्स्थापनेसाठी टिपूने मदत केली. त्यामुळे टोक्याची राख कमी होत नाही आणि टोक्यामुळे शृंगेरी पुसली जात नाही. एकच घटना उचलून संपूर्ण शतकाचा निकाल लावणाऱ्या पोस्टपासून सावध राहावे.

२८/ गावे पुन्हा वसली. संगमावर पुन्हा घाट, पुन्हा शिखरे आली. विसाव्या शतकात नदीचेच रूप पालटले. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण उभे राहिले आणि नाथसागराचा फुगवटा कायगाव-टोक्यापर्यंत येऊ लागला. भर पावसाळ्यानंतर घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली असतात, उन्हाळ्यात पुन्हा उघड्या पडतात. जुन्या घाटाची पूर्ण उंची पाहायची असेल तर उन्हाळा, आणि संगमाचे विस्तीर्ण पाणी पाहायचे असेल तर हिवाळा.

२९/ आता तीन प्रश्नांकडे परत. शिंगणापुरात दगडाला वय नाही, आठवण जिवंत आहे. पैस खांबात दगड एका देवाचा, आठवण दुसऱ्या महापुरुषाची. मोहिनीराजात कथा पुराणातली, वास्तू एका दिवाणाची. टोक्यात क्षेत्र जुने, घडण पेशवाईची आणि पाणी धरणाचे. ‘हजारो वर्षांपूर्वीचे मंदिर’ या एका वाक्यात यांतले काहीच मावत नाही.

३०/ यांतला सर्वांत मोठा धोका आज जीर्णोद्धाराच्या नावाखाली येतो. गावोगावी भक्तिभावानेच शिळांना ऑइलपेंट लागतो, लेखांवर फरशी बसते, वीरगळ आणि भग्न मूर्ती नदीत विसर्जित होतात. पैस खांबाला लोकांच्या आठवणीने वाचवले. ज्या दगडांभोवती अशी आठवण नाही, त्यांना वाचवायला आता फक्त नोंद उरते. म्हणून काही सूचना.

३१/ कोरीव लेख दिसला तर अक्षरे उठावदार करण्यासाठी खडू, पीठ, कुंकू काहीही फासू नये. मोबाइलची बॅटरी बाजूने, तिरकी धरावी; सावलीत अक्षरे आपोआप उठून दिसतात. छायाचित्र समोरून, सरळ आणि शेजारी मोजपट्टी किंवा किल्ली ठेवून घ्यावे. गाभाऱ्यात परवानगीविना कॅमेरा काढू नये. गावाचे नाव, तारीख आणि दगड नेमका कोठे आहे, हे तिथेच लिहून ठेवावे.

३२/ पुजारी, गुरव किंवा पारावरचे आजोबा जी कथा सांगतील ती ‘खोटी’ म्हणून सोडू नये आणि ‘इतिहास’ म्हणून जशीच्या तशी पोस्टही करू नये. कोणी सांगितली, केव्हा सांगितली, एवढे टिपून घ्यावे. करवीरेश्वराचा खांब कथेनेच राखला. पण तो करवीरेश्वराचा होता हे कळले ते कोरलेल्या अक्षरांमुळे. दोन्ही हाती असतील तरच पुढच्या माणसाला पूर्ण गोष्ट मिळते.

३३/ टोक्याहून सोनईला परतायला घाई न करता दीड तास पुरे. हेल्मेट, पाणी आणि एक वही सोबत असावी. आपल्या गावातील एखाद्या देवळाचे काम निघणार असेल, तर फरशी बसण्याआधीच्या रविवारी तेथे जाऊन प्रत्येक दगडाचे छायाचित्र घेऊन ठेवावे.

#इतिहास #नेवासे #मराठीथ्रेड